अडतीस हजारांचा स्टिकर

माउंटन बाइकसाठी ‘हँडबिल्ट एन्ड्युरो व्हीलसेट’, म्हणजे खडबडीत उतारांसाठी हाताने बांधलेली चाकांची जोडी, घ्यायचा विचार पुण्यात कुणी करत असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. तक्रार चालू आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण पद्धत कळली की दुकान कुठलंही असो, माल ओळखता येतो.

माझी सायकल 29 इंची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली. बहुतेक वेताळ टेकडी आणि तळजाई, सुट्टीला शहराबाहेर. पावसाळ्यात मुरूम वाहून जातो आणि खालचा काळा दगड धारेसकट वर येतो. त्यावरून उतरताना सायकलसोबत आलेली चाकं सारखी आउट व्हायची, म्हणजे वाकडी फिरायला लागायची. आउट काढून काढून निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) झिजले, तेव्हा ठरवलं की एकदाच मजबूत चाकं घ्यायची.

दुकानदार माहितगार होता, हे मान्य करावंच लागेल. पहिला प्रश्न, “दादा, वजन किती तुमचं?” मी 84 किलो म्हटल्यावर त्याने जे सुचवलं त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. आतून 30 मिमी रुंद, वेल्डेड जोडाची डबल वॉल (दुहेरी भिंतीची) रिम. 32 स्पोक, तेही डबल बटेड, म्हणजे टोकांना 2 मिमी आणि मध्ये 1.8. पितळी निपल. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, सील्ड (बंदिस्त) बेअरिंग. रिमवर नावाजलेल्या परदेशी कंपनीचा स्टिकर, 38,000 रुपये जोडी. दगडधोंड्यांवर चालवणाऱ्याला कुणीही जाणकार साधारण हेच सांगेल. लबाडी सल्ल्यात नव्हतीच, मालात होती. मी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागितलं, त्याने लिहूनही दिलं. बिलावर मात्र ‘सायकल व्हील सेट, 1 नग’ एवढंच. मॉडेलचं नाव टाका म्हटलं, तर “कॉम्प्युटरमध्ये आयटमच नाहीये साहेब.”

थोड्याच दिवसांत मागच्या चाकाचा कॅसेटच्या, म्हणजे गिअरच्या चक्रांच्या, बाजूचा स्पोक तुटला. मधून नाही, हबजवळ जिथे तो वळतो तिथे. दुकानात बदलून दिला, “दगड लागला असेल” म्हणाले. मग शेजारचा गेला. मग चढावर जोर लावला की दर फेऱ्याला रिममधून टिक असा आवाज यायला लागला. आता भाषा बदलली होती: “ट्रेलवर मारल्यावर कुठलंही चाक जाणारच ना.” अहो, ट्रेलवर मारायचीत म्हणूनच तर घेतली होती!

शेवटी चाकं पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. काकांनी आधी पाना घेतलाच नाही. चाक मांडीवर धरून एकाच बाजूचे स्पोक नखाने छेडत गेले आणि म्हणाले, “ऐक. एक तंबोरा, दुसरी सुतळी.” एका बाजूच्या स्पोकचा ताण साधारण सारखा हवा, म्हणजे आवाजही सारखा येतो. चाक फिरताना खाली येणारा स्पोक दर फेऱ्याला थोडा सैलावतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो. मुळातच ढिला बांधलेला असेल तर तो दरवेळी पूर्ण सैल पडतो, वळणाशी हलत राहतो आणि एक दिवस तिथेच तुटतो. त्याला दगड लागावा लागत नाही.

मग टायर उतरवलं. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला तर आतली रुंदी 30 नव्हे, 23 मिमी. काकांच्या मुलाने हेअर ड्रायरने स्टिकर गरम केला आणि कोपऱ्यातून हळूच सोलला. खाली बारीक छाप होता: 622×23. पहिला आकडा टायर जिथे बसतं तिथला व्यास, 29 इंची चाकाला तो 622 मिमीच असतो. दुसरा आतली रुंदी. स्टिकर बरोबर त्या आकड्यावर बसवलेला होता, चुकून नाही. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला रिमचा सांधा असतो, तो वेल्डेड नव्हता, पिनांचा होता आणि नख अडकेल इतका उघडला होता. टिक आवाज तिथला. पिनांचा जोड वाईटच असतो असं नाही, चांगल्या रिमांनाही असतो. पण मी पैसे वेल्डेडचे दिले होते.

स्पोक टोकाला 2 मिमी, मध्येही 2 मिमी. म्हणजे साधे. हबचं रबरी झाकण काढलं तर आत बंदिस्त बेअरिंगऐवजी सुटे छर्रे. झाकणालाच ‘सील’ म्हणायचं ठरवलं तर दुकानदार खोटं बोलला नाही म्हणायचं!

यातलं बरंचसं काउंटरवर पाच मिनिटांत तपासता येतं. चाक टायरशिवाय बघायला मागा आणि रिमवर छापलेला किंवा कोरलेला आकडा वाचा. सापडला नाही तर स्टिकरखाली काय आहे ते विचारा. व्हर्नियर सोबत न्या, स्पोक टोकाला आणि मध्ये मोजा. डीटी स्विस, सॅपिम यांसारखे कारखाने स्पोकच्या डोक्यावर आपली खूण उठवतात, ती हबच्या कडेला नुसत्या डोळ्यांनी दिसते. रिम कुठल्या वापरासाठी आहे तेही विचारा. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या वर्गवारीत तिसरा वर्ग 61 सेंमीपर्यंतच्या उड्यांसाठी असतो, चौथा 122 सेंमीपर्यंत. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचा वर्ग आणि वजनाची मर्यादा मिळाली नाही, तर ‘एन्ड्युरो’ हा शब्द दुकानदाराने स्वतः चिकटवलाय असं समजा. आणि बिलावर मॉडेल लिहायला जो नकार देतो, त्याच्याकडून पंक्चरचं सोल्युशनसुद्धा घेऊ नये, असं माझं मत झालंय.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 ला, तक्रार नोंदवल्यावर दुकानातून फोन आला. 12,000 परत देतो, मेसेज डिलीट करा. नाही म्हटलं. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. बिल मोघम असलं तरी व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर, सोलण्याआधी आणि नंतरचे फोटो आणि काकांची सही असलेली मापं जोडली आहेत. वकील दिलेला नाही.

त्या दुकानाची जाहिरात अजून फिरतेय. फोटोत चाकं तीच आहेत, स्टिकर मात्र आता दुसऱ्या कंपनीचा. तेव्हा नावावरून ओळखायला जाऊ नका.