अकोल्याचे ऊन, मुलुंडचा पाऊस आणि आमचे साडेआठ लाख रुपये

मुलुंड पूर्वेतील आमची सोसायटी तीन विंगची आणि ८४ सदनिकांची असून गेली सहा वर्षे मी तिचा खजिनदार आहे. मे २०२५ मध्ये सोसायटीच्या आतल्या रस्त्याचे डांबरीकरण करून घेताना आमची फसवणूक झाली. त्या कामाच्या तिन्ही धनादेशांवर माझी सही असल्यामुळे, काय आणि कसे घडले हे लिहून ठेवण्याची जबाबदारीही माझ्याकडेच येते. प्रकरण पोलिसांकडे आणि ग्राहक आयोगाकडे असल्याने ठेकेदाराचे नाव येथे देत नाही. नावाने तसा फरकही पडणार नाही, कारण हा मनुष्य पुढच्या सोसायटीत वेगळे नाव सांगूनच जाईल.

रस्ता वाईट झाला होता, यात वाद नाही. गेटपासून सी विंगपर्यंतचे सुमारे १२,००० चौरस फुटांचे जुने डांबर ठिकठिकाणी उखडले होते. दोन ठेकेदारांची कोटेशन्स मार्चपासून फायलीत पडून होती, एकाचा दर चौरस फुटाला ८८ रुपये आणि दुसऱ्याचा ९४. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी पन्नाशीचा एक गृहस्थ सोसायटीच्या ऑफिसात आला. भांडुपला एका कंपनीच्या आवारात आपले काम चालू आहे, रोलर आणि माणसे तिथे आणलेलीच आहेत, मधले दोन-तीन दिवस ती नुसती बसून राहणार आहेत, तेव्हा तेवढ्या दिवसांत तुमचा रस्ता ६२ रुपयांत करून देतो, असे त्याचे म्हणणे होते. ‘शेजारी काम चालू आहे, माल उरला आहे, यंत्र रिकामे आहे’ ही या धंद्यातली अतिशय जुनी आणि परदेशांतही चालणारी युक्ती आहे, हे मला नंतर कळले. त्या दिवशी मात्र आमच्या सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि मीही डोलावली. शिवाय आमच्याकडे तिसरे कोटेशन नव्हतेच. ते आयते मिळाल्यामुळे तीन कोटेशन्सचा नियमही कागदोपत्री नीट पाळला गेला.

तो आम्हाला खोटे बोलून फसवू शकला, असे मी म्हणणार नाही. तो खोटे फार थोडे बोलला, आणि म्हणूनच आम्ही फसलो.

त्याच्या फायलीत अकोल्याच्या एका जिनिंगच्या आवाराचे, जळगावातील एका मंगल कार्यालयाच्या वाहनतळाचे आणि आणखी दोन-तीन कामांचे फोटो होते. बोलण्यात वऱ्हाडी हेल होता आणि समजावण्याची हातोटी शिक्षकासारखी होती. “साहेब, आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा डांबराच्या अंगात साठाच्या वर उष्णता असते. त्या उन्हात डांबरातले तेल उडून जाते, वर्षा-दोन वर्षांत रस्ता काळ्याचा करडा होतो, मग कडक होऊन तडकतो. म्हणून आम्ही घट्ट डांबर वापरतो आणि वरून सील कोट, म्हणजे पातळ संरक्षक लेप, मारतो.” मी बँकेत ३४ वर्षे काढली आहेत आणि कोणाचे म्हणणे पडताळल्याशिवाय सही करायची नाही ही सवय मला आहे, त्या रात्री मी त्याचे प्रत्येक वाक्य पडताळून पाहिले आणि प्रत्येक वाक्य खरे निघाले. भारतात रस्त्याच्या डांबराची प्रतवारी व्हीजी-१०, व्हीजी-२०, व्हीजी-३० आणि व्हीजी-४० अशी असते, आकडा वाढेल तसे डांबर अधिक घट्ट. आयएस ७३ या भारतीय मानकात तर कोणत्या तापमानाच्या प्रदेशाला कोणती प्रत योग्य, हेही दिलेले आहे: सलग सात दिवसांचे सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ अंशांच्या दरम्यान जात असेल तेथे व्हीजी-३० आणि त्याहूनही तापणाऱ्या प्रदेशात व्हीजी-४०. उन्हाने आणि हवेतील प्राणवायूने डांबर कडक होत जाते, आणि योग्य वेळी दिलेल्या सील कोटने ही झीज मंदावते, हेही खरेच. मी समाधानाने झोपलो.

मी जे पडताळायला हवे होते ते वेगळेच होते. हे सगळे अकोल्याला लागू आहे, मुलुंडला कितपत लागू आहे, हा प्रश्न मला सुचलाच नाही. मुलुंडला मे महिन्यात आपण घामाने निथळतो, पण पारा क्वचितच अकोल्याच्या जवळपास जातो. उलट मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि अकोल्यात त्याच्या निम्माही नाही. आमच्या रस्त्याचा वैरी पाणी होते. खडीवरचे डांबर पाण्याने सुटते, खाली शिरलेले पाणी गाडीच्या चाकाखाली दाबले गेले की ते खडी उचकटते, आणि हे टाळायचे तर रस्त्याला दर मीटरला दोन सेंटिमीटरांच्या आसपास उतार, पाणी वाहून जायला मोकळी गटारे, जुन्या थराला नवा थर घट्ट चिकटावा म्हणून टॅक कोट आणि थर भरीव होईपर्यंत रोलरचा दाब या चार गोष्टी लागतात. आधीच्या दोन्ही कोटेशन्समध्ये उताराची दुरुस्ती आणि टॅक कोट यांच्या वेगळ्या ओळी होत्या. या गृहस्थाच्या कागदावर त्या नव्हत्या. तिथे ‘उष्णतारोधक सील कोट, चौरस फुटाला ९ रुपये’ अशी ओळ होती. दर कमी का आहे याचे उत्तर तिथेच लिहिलेले होते, आणि आम्ही त्या ओळीखाली आनंदाने सही केली.

डांबरीकरणाचे ७,४४,००० आणि सील कोटचे १,०८,००० असे एकूण ८,५२,००० रुपये ठरले. त्यातले चार लाख आगाऊ दिले. धनादेश त्याच्या फर्मच्या नावाने न लिहिता ‘भावाच्या नावाने लिहा, फर्मचे खाते सध्या ऑडिटसाठी अडकले आहे’ असे त्याने सांगितले, आणि ज्या कारणासाठी मी बँकेत असताना एखाद्या होतकरू कारकुनाला फैलावर घेतले असते, ते कारण मी स्वतः निमूट मान्य केले. सर्वसाधारण सभेची मंजुरी ‘काम पावसाआधी होणे गरजेचे’ म्हणून नंतर घ्यायचे ठरले.

शनिवारी, ३ मेच्या रात्री अकराच्या सुमारास पहिला डंपर आला. रहिवासी गॅलऱ्यांतून पाहत होते, मुले खाली उतरली होती, कोणीतरी कामगारांसाठी चहा आणला. ए विंगमधले एक काका, ज्यांची नोकरी रस्त्याच्या कामांवर देखरेख करण्यात गेली आहे, लुंगीवरच खाली आले आणि डंपरमधून पडणाऱ्या मालाकडे पाहून मला म्हणाले, “अहो, वाफ कुठे आहे?” मी तोच प्रश्न ठेकेदाराला केला. तो हसून म्हणाला, “काका, हे आता नवीन पद्धतीचे डांबर आले आहे, कमी तापमानाला होते, वाफ येत नाही.” हेही अर्धे खरे! वॉर्म मिक्स नावाचा प्रकार खरोखरच आहे आणि तो नेहमीच्या हॉट मिक्सपेक्षा, म्हणजे डांबर-खडीच्या गरम मिश्रणापेक्षा, कमी तापमानाला तयार होतो, पण तोही हाताला सोसेल इतका थंड कधीच नसतो. काकांनी चपलेच्या टोकाने एक गठ्ठा उकरला, तो ढेकळासारखा फुटला. ते आणखी काही बोलणार होते, मी त्यांना म्हणालो, “काका, त्यांना काम करू द्या ना.” हे वाक्य मी गेले वर्षभर आठवतो आहे.

व्हीजी-३० डांबराचा हॉट मिक्स पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस तापमानाचा असावा आणि रोलर फिरून संपेपर्यंत तो ९० अंशांच्या खाली जाऊ नये, असे केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत आहे. याचे कारण साधे आहे: डांबर गरम असेपर्यंतच ते वंगणासारखे काम करते आणि खडीचे तुकडे एकमेकांत सरकून बसतात, एकदा गार झाले की वरून कितीही रोलर फिरवा, आत पोकळ्या राहतात. थर जितका पातळ, तितका तो लवकर गार होतो. आमचा माल येतानाच गार होता आणि थरही पातळ होता. पहाटे चारपर्यंत सगळे आटोपले. सकाळी रस्ता काळाभोर दिसत होता आणि व्हॉट्सअॅपवर अभिनंदनाचे अंगठे येत होते.

सोमवारी, म्हणजे अवघ्या एका दिवसानंतर, त्याने सील कोट मारला. अशा प्रकारचा सील कोट द्यायचा तर नवे डांबर आधी साधारणपणे काही महिने उन्हावाऱ्यात मुरू द्यायचे असते. आमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो देण्यात झाकपाक करण्याखेरीज काही हेतू मला दिसत नाही. काळ्या पातळ पाण्याच्या दोन पिंपांतून दोन मुलांनी झाडूने रस्ता सारवला. गॅरेजमध्ये येतो तसा वास दिवसभर होता. संध्याकाळी मी उरलेले ३,४४,००० आणि सील कोटचे १,०८,००० असे दोन धनादेश दिले. त्याच आठवड्यात वळवाच्या सरी आल्या, आणि आमचा उष्णतारोधक सील कोट गटारातून वाहत गेला. मी फोन केला. “साहेब, पहिल्या पावसात थोडे जातेच,” असे उत्तर आले. तो आमचा शेवटचा संवाद.

त्या वर्षी मान्सून मुंबईत २६ मे रोजीच पोहोचला, नेहमीच्या ११ जूनपेक्षा पंधरवडाभर आधी. पाण्याचा टँकर गेटातून आत वळतो तिथला थर सगळ्यांत आधी सुटला, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा, आणि खाली जुना रस्ता जसाच्या तसा कोरडा दिसला. टॅक कोटचा थेंबही नव्हता. जून संपेपर्यंत बी विंगसमोर सुट्या खडीचा पसारा झाला, आणि जुलैत तिथेच स्कूटर घसरून आमच्या एका सभासद ताईंचे मनगट मोडले. कोटेशनवरील भिवंडीच्या पत्त्यावर आम्ही गेलो तेव्हा तिथे मोबाईल दुरुस्तीचे दुकान होते. जीएसटी क्रमांक घरी येऊन तपासला. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो, त्याच्या कागदावर १४ होती. संकेतस्थळावर शोधायचीही गरज नव्हती, मोजले असते तरी पुरले असते.

मग आम्ही एका सल्लागार अभियंत्याला बोलावले. त्याने पाच ठिकाणी कोअर, म्हणजे रस्त्याचे उभे गोल नमुने, कापून थराची जाडी मोजली: ठरलेल्या ५० मिलिमीटरऐवजी १८, २२, २४, २७ आणि ३१. त्याने एक हिशेब मांडला, तो येथे देतो, कारण तो कोणालाही कागदावर करता येतो. १२,००० चौरस फूट म्हणजे सुमारे १,११५ चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटरचा थर म्हणजे जवळपास ५६ घनमीटर. दाबलेल्या डांबरमिश्रित खडीचे वजन घनमीटरला २.३ टनांच्या आसपास धरले, तर एकूण १२८ टन माल लागतो. एका डंपरला सोळा टन धरले तरी आठ खेपा. “किती खेपा आल्या होत्या?” असे त्याने विचारले आणि आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. उत्तर वॉचमनकडे होते. गेटवरच्या वहीत दूधवाल्यापासून कुरिअरपर्यंत सगळ्यांची नोंद होते, तशी त्या रात्रीच्या डंपरांचीही झाली होती, गाडीच्या नंबरासह आणि वेळेसह. चार. चलने किंवा वजनकाट्याच्या पावत्या मागण्याचे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आले नव्हते; वॉचमनने मात्र त्याचे काम चोख केले होते.

पोलीस ठाण्यात प्रथम ‘हा दिवाणी वाद आहे’ असेच ऐकावे लागले. काम वाईट झाले ही तक्रार घेऊन गेलात तर ते उत्तर मिळणार. खोटा पत्ता, बनावट जीएसटी क्रमांक आणि भलत्याच्याच नावावर घेतलेले पैसे यांची कागदपत्रे वेगळी जोडून, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा म्हणजे फसवणुकीच्या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला, तेव्हा तो स्वीकारला गेला आणि धनादेश जमा झालेल्या खात्याची चौकशी सुरू झाली. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, तीही केली आहे. पैसे मात्र अजून एक रुपयाही परत आलेले नाहीत.

ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत मी राजीनामा पुढे केला. सभा तीन तास चालली, त्यातला बराच वेळ माझ्यावर गेला, आणि ते योग्यच होते. शेवटी सी विंगच्या एका आजींनी उठून सांगितले की आधी रस्ता करून द्या, मग काय जायचे ते जा. राजीनामा बाजूला राहिला.

या फेब्रुवारीत पुन्हा काम काढले, ८८ रुपये सांगणाऱ्या त्या पहिल्याच ठेकेदाराकडून, त्याने आता ९२ सांगितले तरी. आगाऊ रक्कम दहा टक्के, बाकी कोअरची जाडी मोजल्यावर, आणि दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचे, असे लेखी ठरले. सील कोट नाही. आमच्या रस्त्याला त्याची घाई नाही. काका लुंगी सोडून पँट घालून, हातात धातूच्या सळईचा थर्मामीटर घेऊन रात्रभर गेटवर खुर्ची टाकून बसले होते. पहिल्या डंपरला १५१ अंश भरले, दुसऱ्याला १४६. तिसरा डंपर घोडबंदरच्या वाहतुकीत अडकून दीड तास उशिरा आला आणि त्याचा आकडा १२१ च्या वर जाईना. चालक म्हणाला, “काका, वीस अंशांनी काय होतंय?” ठेकेदारानेही माझ्याकडे पाहिले. मी काकांकडे पाहिले. वॉचमनने वहीत गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘परत’ असे लिहिले.