एकच रद्द विमान, दोन तिकिटे: जळगाव–हैदराबाद प्रवासाचा अनुभव

जळगावहून हैदराबादला जाणारे आमचे विमान आधी तीन तास उशिराने सुटेल असे सांगण्यात आले आणि शेवटी तांत्रिक बिघाडामुळे ते रद्द झाले. माझ्यासोबत मावशी होत्या. या सेवेबद्दल एरवी माझी तक्रार नाही. गुडघेदुखीच्या माणसाला रात्रभराच्या रेल्वेपेक्षा हा प्रवास फारच सुखाचा आहे. परंतु प्रवाशाचे हक्क त्याला आपणहून कोणी सांगत नाही, हे त्या दिवशी कळले.

अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाण्यापिण्याची सोय करणे कंपनीवर बंधनकारक असते. आम्हाला ती मागून घ्यावी लागली आणि उपम्याचे गार डबे हाती आले, तोवर मधुमेह असलेल्या मावशींनी घरच्या दशमीचा डबा उघडला होता. उशिराबद्दल रोख भरपाई मात्र नाही, आणि पूर्ण परतावा मागण्यासाठी उशीर सहा तासांहून अधिक लागतो. रेल्वेत तीच मर्यादा तीन तासांची आहे, हे भुसावळकरांना सांगायला नको.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2010 चे नियम 2016 मध्ये बदलले, तेव्हा न कळवता रद्द केलेल्या विमानाची भरपाई वाढली: तासाभरापर्यंतच्या उड्डाणास 5,000, दोन तासांपर्यंत 7,500 आणि त्यापुढे 10,000 रुपये. तथापि ही रक्कम किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल तेच मिळते. त्यामुळे स्वस्त तिकिटांच्या लहान विमानतळांवर ही वाढ बव्हंशी कागदावरच राहते, आणि हे मला अन्यायाचे वाटते. परताव्याशिवाय माझ्या हाती 2,350 रुपये आले.

मावशींना तेही नाकारले गेले. त्यांचे तिकीट काढताना एजंटाने स्वतःचाच मोबाइल क्रमांक दिला होता, आणि आरक्षणाच्या वेळी पुरेसा संपर्क न देणाऱ्या प्रवाशास भरपाई देय नाही, असे नियमच सांगतो. एअरसेवा या विमान प्रवाशांसाठीच्या सरकारी पोर्टलवरील तक्रारीलाही हेच उत्तर आले. एजंटाने चूक मान्य करून पैसे पदरचे देऊ केले. मावशींनी ते घेतले नाहीत, पण त्याच्या नोंदवहीत प्रवाशाच्या मोबाइल क्रमांकाचा वेगळा रकाना समोर बसून आखून घेतला.