करारातल्या अटी एआयकडून वाचून घेताना : आठ महिन्यांचा अनुभव

सुरुवात लेकीच्या ऑनलाइन क्लासपासून झाली. फी भरण्याआधी 'आय ॲग्री'च्या वर २२ पानी इंग्रजी अटी. इथे इंदूरला रामबागेत आमच्या घरात त्या कुणीच वाचल्या नसत्या. मी नाव-नंबर खोडून त्या एआयला दिल्या आणि तेव्हापासून प्रत्येक करार देतेय.

आधी नुसतंच विचारायचे, "यात काही गैर आहे का?" मग त्याला ओळ न् ओळ धोक्याची वाटायची. शेवटी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम २(४६) त्याच्यापुढे ठेवलं. अन्याय्य करार कशाला म्हणायचं, ते त्यात आहे : अवाजवी अनामत, नुकसानीच्या मानाने भलताच दंड, मुदतीआधी कर्ज फेडू न देणं, सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडणं, अशा सहा बाबी. "यातल्या कशात बसतं ते सांग आणि मूळ वाक्य जसंच्या तसं दे," असं विचारायला लागल्यावर कामाची उत्तरं मिळू लागली. मूळ वाक्य मागाच. एकदा त्याने दिलेलं वाक्य मी करारात शोधलं, तर ते नव्हतंच.

क्लासच्या अटींत "बॅच कधीही, कारण न देता बंद करू, फी परत मिळणार नाही" हे त्याने अचूक पकडलं.

भाड्याच्या वॉटर प्युरिफायरला मात्र फसलो. अनामत पूर्ण परत मिळेल, असं तो म्हणाला. कपातीचे नियम लिंकमागच्या वेगळ्या पानावर होते आणि ते पान मी त्याला दिलंच नव्हतं. पैसे कापले गेले तेव्हा कळलं. आता पहिला प्रश्न हाच : या करारात आणखी कोणकोणत्या पानांचा उल्लेख आहे?

कायद्याची वाट विचारली की जपून राहा. "वाद बेंगळुरूच्याच कोर्टात" या अटीला घाबरू नका, ग्राहकाला राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, हे त्याने बरोबर सांगितलं. पण करारच अन्याय्य ठरवून घ्यायलाही त्याने इंदूरचा जिल्हा ग्राहक आयोग सुचवला. शेजारच्या वकीलकाकांनी त्याच कायद्यातलं कलम ४७ उघडून दाखवलं. सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्ह्यात चालते. अन्याय्य कराराची राज्य आयोगापुढे, म्हणजे आपल्याला भोपाळला.

क्लासवाल्यांना मी ती एकच ओळ पाठवली होती. अटी त्यांनी बदलल्या नाहीत, पण बॅच बंद पडली तर उरलेल्या महिन्यांची फी परत देऊ, असं ईमेलवर लिहून दिलं. त्यानंतरच मी फी भरली.