फोटो कोणाला दाखवावा: ग्रुपला, सलोनला की प्रिंट काढून एकाच माणसाला?

हिवाळा लागला की नागपुरात कॅमेरे बाहेर निघतात (मे महिन्यात कोण निघणार, सकाळी आठलाच उजेड पांढराफटक होऊन जातो), आणि दरवर्षी दोन-चार जण तरी विचारतात की भाऊ, फोटो तर काढला, आता तो खरंच बरा आहे की नाही हे कोणाला विचारू. घरी विचारण्यात अर्थ नाही. बायको न बघता छान म्हणते, आई म्हणते यात तू कुठे आहेस.

तर तीन रस्ते आहेत. फोटोवाल्यांच्या मोबाइल ग्रुपवर टाका, सलोनला म्हणजे स्पर्धेला पाठवा, नाहीतर प्रिंट काढून एखाद्या जाणत्या माणसाच्या हातात द्या. मी तिन्ही केलेत आणि योगायोगाने एकाच फोटोवर केलेत, म्हणून लिहून राहिलो. हा माझ्यापुरता अनुभव, तुमचा वेगळा असू शकतो.

आधी फोटो सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. अंबाझरी तलाव, जानेवारीची सकाळ, पाण्यावर धुकं. आपल्याकडे असं धुकं मोजक्याच सकाळी मिळतं. ट्रकच्या ट्यूबवर बसून एक ढिवर, म्हणजे मासे धरणारा, जाळं ओढून राहिला होता आणि मागे पलीकडच्या झाडांची करडी रेघ. मी तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, अगदी खाली, पाण्याजवळ उकिडवा बसून तो काढला. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहिला तेव्हा वाटलं, चला, यंदाचा हिवाळा वसूल झाला.

ग्रुप

आमच्या ग्रुपमध्ये साठेक जण आहेत, रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन फिरणारे, नंतर तर्री पोहे खाताना एकमेकांच्या लेन्सकडे बघणारे. माणसं चांगली आहेत हे आधीच सांगतो. फोटो टाकला आणि दहा मिनिटांत अकरा अंगठे, चार टाळ्या, दोन ‘नाईस क्लिक’. वेग म्हणाल तर ग्रुपच्या जवळपास कोणीच नाही. मग खरी मतं सुरू झाली. एक म्हणाला डावीकडून क्रॉप कर. दुसरा म्हणाला माणूस जरा उजळव, चेहरा दिसत नाही. तिसरा म्हणाला माणूस चुकीच्या जागी बसलाय, रूल ऑफ थर्डला आण, म्हणजे मधोमध नको, चौकटीच्या एक तृतीयांशावर. आणि तिघा-चौघांनी एक गोष्ट सारखी सांगितली: आकाशात आणि पाण्यात नॉइज (दाणे-दाणे) फार आहे, चट्टे पडलेत, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची सेटिंग, वाढवली की दाणे वाढतात) कमी ठेवायला हवा होता.

मी आयएसओ २०० वर होतो, म्हणजे आधीच खाली!

दोन दिवस मला हे समजेना. मूळ फाइल शंभर टक्के मोठी करकरून पाहिली, धुकं लोण्यासारखं गुळगुळीत. मग ऑफिसमधल्या एकाच्या मोबाइलवर ग्रुपवर आलेला फोटो पाहिला आणि खरंच चट्टे होते, पायऱ्या-पायऱ्यांचे, करड्या रंगाचे. ६००० बाय ४००० ची माझी बारा एमबीची फाइल त्याच्याकडे पोहोचेपर्यंत तीनशे केबीची होऊन गेली होती. जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून त्यांना दाबतं, हे बहुतेकांना माहीतच असेल. झाडाच्या पानांमध्ये किंवा सीताबर्डीच्या गर्दीत ते खपून जातं, कोणाला कळतसुद्धा नाही, पण धुकं म्हणजे एका करड्यातून हळूच दुसऱ्या करड्यात जाणं, तिथे हे तुकडे लपायला जागाच नसते. त्यात बघणारे कुठे होते? एक शंकरनगर चौकात सिग्नलला, उन्हात, ब्राइटनेस फुल्ल. एक रात्री पांघरुणात नाइट मोड लावून, म्हणजे सगळं पिवळं. तो म्हणाला व्हाइट बॅलन्स गरम, म्हणजे रंग पिवळट, वाटतो. वाटणारच की बावा!

माझं गाडं इथेच अडलं. टीका झाल्याचं वाईट वाटलं नाही, टीकेसाठीच टाकला होता. पण साठ लोकांकडे साठ वेगळे फोटो होते, त्यातला एकही मी काढलेला नव्हता, आणि सल्ले सगळे मला मिळून राहिले होते. एका सल्ल्यावर मी खरंच दोन तास नॉइज काढत बसलो, जो नव्हताच, आणि त्या नादात जाळ्याचे दोरे पुसले गेले.

कोणी म्हणेल डॉक्युमेंट म्हणून पाठव, एचडीमध्ये पाठव. पाठवला. डाउनलोड करून बघणारे किती असतील तुम्हीच सांगा. वरून एका भल्या माणसाने माझा फोटो ‘थोडा सुधारून’ परत टाकला, नारंगी आकाश वगैरे, आणि आठवड्याने तोच फोटो खाली गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ लिहून आमच्या मावशीकडून मला आला.

तरी ग्रुपला अगदीच मोडीत काढू नका. पक्षी कोणता, गोरेवाड्याकडे पाणी किती आहे, ही लेन्स सेकंडहँड घ्यावी का, या प्रश्नांना ग्रुपसारखं काही नाही. आणि फोटोबद्दलही एक गोष्ट मला नंतर कळली, ती पुढे सांगतो.

सलोन

यावर फार बोलत नाही. फी भरली, फाइल त्यांच्या मापात कापली (बहुतेक ठिकाणी १९२० बाय १०८० च्या आत मागतात), पाठवली. नवीन माणसाने एक लक्षात ठेवा, स्पर्धेत विभाग असतात, आणि आउटडोअर फोटो म्हणजे नेचर विभाग असं नसतं. फियाप (आंतरराष्ट्रीय महासंघ), पीएसए (अमेरिकेची) आणि आरपीएस (ब्रिटनची) या फोटोग्राफीच्या तीन संस्थांनी २०१५ पासून नेचरची एकच व्याख्या धरलीय आणि त्यात माणूस असा मधोमध बसलेला चालत नाही, क्लोन करून, म्हणजे शेजारचा तुकडा वर चिकटवून, काही पुसणं तर मुळीच नाही. म्हणून माझा ढिवर ओपन कलर विभागात गेला, जिथे विषयाचं बंधन नसतं.

निकाल आला: ९ मार्क, कटऑफ १०. बस. तीन परीक्षक होते, मार्कांची बेरीज तेवढी कळली. आता हे ९ म्हणजे ३-३-३ की ४-४-१, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हो. पहिल्यात फोटो कोणालाच हलवून गेला नाही, दुसऱ्यात दोघांना फार आवडला आणि एकाला कशाचातरी राग आला. मला दोन्हीपैकी काय झालं हे आजपर्यंत माहीत नाही. स्पर्धा म्हणून मजा आहे, आपण कुठे उभे आहोत याचा अंदाज येतो, ज्यांना नावापुढे या संस्थांच्या पदव्या लावायच्यात त्यांना इलाज नाही. पण पुढच्या रविवारी मी वेगळं काय करू, याचं उत्तर ९ या आकड्यात सापडत नाही.

प्रिंट आणि एक माणूस

महालात एक काका राहतात. इतवारीत त्यांचा स्टुडिओ होता, डार्करूमसकट, आता बंद आहे. ओळखीतून त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले, मोबाइलमध्ये नको दाखवू, कागदावर आण.

कागदाचा ताप आहे, लपवत नाही. १२ बाय १८ ची प्रिंट दोन प्लेट तर्री पोह्यांपेक्षा महाग पडते. पहिली प्रिंट आणली तर धुकंच गायब! लॅबच्या मशीनने आपणहून करेक्शन मारून, कॉन्ट्रास्ट चढवून, धुकं साफ करून दिलं होतं, काउंटरवरच्या पोराला वाटलं छान काम झालं. तेव्हा ‘करेक्शन नको’ हे पाकिटावर लिहून द्या, तोंडी सांगून उपयोग होत नाही. दुसरं, स्क्रीनला पाठीमागून उजेड असतो, कागदाला नसतो, म्हणून प्रिंट थोडी अंधारी येतेच, फाइल जरा उजळून द्यायची. तिसरं, मॅट घ्या, ग्लॉसीत फोटोऐवजी खिडकी दिसते. म्हणजे मत ऐकायच्या आधीच दोन प्रिंटचे पैसे आणि एक आठवडा गेला.

पण मग काकांनी ती प्रिंट खिडकीपाशी नेली (ट्यूबलाइटखाली नाही, मुद्दाम बंद केली), टेबलावर ठेवली आणि दोन मिनिटं एक शब्द नाही. काकूंनी चहा आणून ठेवला, त्यालाही हात नाही. मग त्यांचं बोट सरळ खालच्या उजव्या कोपऱ्यात गेलं.

“हे पांढरं काय होय बाबू?”

निर्माल्याची प्लास्टिकची पन्नी. तरंगत होती. साठ लोकांनी आणि तीन परीक्षकांनी पाहिलेला फोटो, मी स्वतः शंभर वेळा पाहिलेला, आणि कोपऱ्यातली पन्नी कोणालाच दिसली नव्हती, कारण मोबाइलवर ती तांदळाच्या कणीएवढीसुद्धा नव्हती. कागदावर ती अंगठ्याच्या नखाएवढी होती, आणि एकदा दिसली की ढिवराकडे लक्षच जाईना.

मग त्यांनी प्रिंट उलटी केली, म्हणजे डोकं खाली पाय वर, आणि म्हणाले आता काय दिसतं सांग. उलट्या फोटोत माणूस माणूस राहत नाही, नुसते काळे-करडे आकार राहतात. मला दिसलं की झाडांची ती करडी रेघ बरोब्बर त्याच्या डोक्यातून आरपार गेलीय, कोणी सुतळी बांधून लटकवल्यासारखी. “चार हात वर चढला असता पाळीवर तर डोकं रेघेच्या खाली आलं असतं, पाण्यावर,” काका म्हणाले. “बसला काहून एवढा खाली?” मी काय सांगणार, कुठेतरी वाचलं होतं की लो अँगल चांगला असतो.

नंतर ड्रॉवरमधून एल आकाराचे दोन काळे पुठ्ठे काढले, ते प्रिंटवर सरकवून सरकवून क्रॉप करून दाखवले, पन्नी कापली जाते पण जाळ्याचं टोकही जातं, मग दोघांनी मिळून ठरवलं की कापायचा नाही. बरोबर आहे की चूक ते जाऊ द्या, दोघांच्या डोळ्यांपुढे एकच कागद होता, एकाच खिडकीचा उजेड होता. ते ‘इथे’ म्हणाले की मलाही तेच ‘इथे’ दिसत होतं. ग्रुपवर माझ्या नशिबी हे कधी आलं नाही.

आता ग्रुपबद्दलची ती राहिलेली गोष्ट. घरी येऊन जुनी मतं परत वाचली. डावीकडून क्रॉप कर, माणूस उजळव, माणूस चुकीच्या जागी आहे. तीन वेगळे इलाज, पण तिघांचाही हात त्या डोक्यापाशीच घुटमळून राहिला होता. दुखतं कुठे हे त्यांना कळलं होतं, औषध मात्र ज्याने त्याने आपल्या घरातलं दिलं. तेव्हापासून मी ग्रुपवरचे इलाज सोडून देतो आणि बोटं कुठे पडतात एवढंच बघतो. तीन वेगळ्या माणसांची बोटं एकाच जागी पडली तर तिथे काहीतरी आहे, हे धरून चालतो.

काकांचीही बाजू पूर्ण सांगितली पाहिजे. एक माणूस म्हणजे एकच आवड. त्यांचं आयुष्य ब्लॅक अँड व्हाइटमध्ये गेलं, रंगीत आकाश दिसलं की ‘कॅलेंडर’ म्हणून मोकळे होतात, आणि याही फोटोचा रंग काढून टाक म्हणाले. मी नाही काढला. त्या सकाळी धुक्यात एक निळसर झाक होती, तिच्यासाठीच तर मी पाचला उठलो होतो. पण त्यांची आवड मला माहीत आहे, म्हणून ती वजा करता येते. ग्रुपवर ‘कलर कमी कर’ म्हणणारा ते का म्हणतो, त्याला काय आवडतं, त्याचा मोबाइल कसा आहे, यातलं मला काहीच माहीत नसतं, मग वजा काय करणार. आणि असा माणूस प्रत्येकाला मिळेलच असंही नाही. पण लग्नाचे फोटो काढणारा एखादा जुना फोटोग्राफर, चित्रकलेचे सर, कोणीही चालेल, फक्त त्याला सावकाश बघता आलं पाहिजे आणि तुमच्याशी फार गोड वागायची गरज नसली पाहिजे.

तर घाई असेल, प्रश्न साधा असेल, नाहीतर नुसती हिंमत हवी असेल तर ग्रुपवर टाका. पोर्टफोलिओ, पदवी, नाव हवं असेल तर सलोन. वर्षात शंभर फोटो आवडले आणि त्यातल्या दोन-तीनवर जीव असेल तर त्या दोन-तीनची प्रिंट काढा, असं मला वाटतं, बाकी तुमची मर्जी. मी तर हल्ली प्रिंटच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि कोणी कुठे बोट ठेवलं ते लिहून ठेवतो, सहा महिन्यांनी वाचायला मजा येते.

पुढच्या रविवारी परत गेलो. पाळीवर चार हात वर उभा राहिलो. ढिवर आला, ट्यूब तीच, डोकं झाडांच्या रेघेखाली नीट पाण्यावर आलं, पन्नीही नव्हती. प्रिंट काढली, पाकिटावर करेक्शन नको लिहिलं, महालात नेली. काकांनी खिडकीपाशी धरली, उलटी केली, सुलटी केली.

“माणूस सुटला आता,” म्हणाले. “धुकं कुठं गेलं?”