'स्टोगर लुगर' घेताना 6,825 डॉलर गेले

लिहायला लाज वाटते. पण इथे अमेरिकेत माझ्या ओळखीतलीच तीन-चार मराठी माणसं लुगरसारखी जुनी जर्मन पिस्तुलं जमवतात, म्हणून लिहितो.

लिलावातली बोली 5,600 डॉलर, त्यावर 20 टक्के कमिशन 1,120, पाठवणावळ 65, पिस्तूल ताब्यात देणाऱ्या परवानाधारक डीलरचे 40. एकूण 6,825. नंतर 150 डॉलर मोजून जाणकाराला दाखवलं. तो म्हणाला, फार तर 1,200.

न्यूयॉर्कच्या स्टोगर कंपनीने जर्मनीहून लुगर आणून इथे विकली आणि 1929मध्ये 'लुगर' हे नावच स्वतःकडे नोंदवून घेतलं. चेंबरवर (नळीमागे गोळी बसते तो भाग) अमेरिकन गरुड, उजव्या बाजूला स्टोगरचं नाव. साध्या लष्करी लुगरपेक्षा त्याला कितीतरी जास्त भाव, म्हणून नकली शिक्के मारतात. हे मला माहीत होतं! पंधरा वर्षं वाचतोय मी. विक्रेत्याने मागच्या तीन लिलावांतले भाव पुढे ठेवले: 7,200, 6,900, 8,100. मी शोधून पाहिलं, आकडे खरे निघाले. अहो, ती पिस्तुलं अस्सल होती म्हणून तो भाव आला! दुसऱ्या नगाच्या भावावरून आपल्या नगाची किंमत कधीही धरू नका.

नजर कुठे चुकली ते सांगतो, कारण तेच रात्री झोपू देत नाही. डीलरच्या काउंटरवर पिस्तूल हातात घेतलं. डावीकडच्या साइड प्लेटवर ठसठशीत 47, म्हणजे अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे. पिस्तूल सुटं करायच्या खटक्यावरही 47. मी खूश, सगळे नंबर जुळतात! पण डीडब्ल्यूएम या जर्मन कारखान्याच्या बाजारी (लष्कराऐवजी सामान्य गिऱ्हाइकांसाठी केलेल्या) लुगरवर हे आकडे सहसा दडलेल्या बाजूला असतात. बाहेरून दिसतात ते लष्करी पिस्तुलांवर. पुरावा हातात धरून मी सही केली. घरी दिव्याखाली तिरपं धरलं तर गरुडाच्या पंखाखाली 8च्या खालच्या गोलाची कड दिसली. चेंबरवरचं लष्करी साल 1918 घासून त्यावर गरुड कोरला होता. चेंबर बोटाने चाचपा, खोलगट लागलं तर जागेवरच परत करा.

परतीची मुदत तीन दिवस, आणि ती डीलरने माल उतरवून घेतल्यापासून मोजतात. माझी नाइट शिफ्ट होती, मी चौथ्या दिवशी पोचलो. हा काय गुन्हा झाला?

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे, वकील गाठा. वकिलाने सुरुवातीलाच 2,500 मागितले. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, आता परत येणार नाहीत. (वायरने पैसे पाठवू नका. कार्डच वापरा.) राज्याच्या ग्राहक तक्रार विभागात अर्ज केला, फोटो जोडले, 47वर लाल गोल केला, 8वर बाण काढला. सात आठवड्यांनी चार ओळींची ईमेल आली: समोरच्याने मध्यस्थी नाकारली, फाइल बंद. फोन केला तर बाईंनी विचारलं, "पण पिस्तूल मिळालं ना तुम्हाला?" फोटो कुणी उघडलेसुद्धा नव्हते!

गेल्या रविवारी त्याच विक्रेत्याने आणखी एक 'स्टोगर' लिलावाला लावलंय. नऊ फोटो आहेत, डाव्या बाजूचा एकही नाही.