लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी): उपाशीपोटी की जेवून?

तूप ओतून पुरणपोळ्या हाणल्या की आतड्यातून कायलोमायक्रॉन नावाचे चरबीचे कण रक्तात उतरतात. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) साधारण तीन-चार तासांनी सर्वात वर जातं. तेव्हा काढलेल्या रक्ताचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग) कधीकधी चक्क दुधाळ दिसतं. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल), एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) मात्र फारसे हलत नाहीत. म्हणून नेहमीच्या तपासणीला जेवून गेलात तरी चालतं. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्येच सरसकट उपवासाचा आग्रह सोडला. इन्सुलिन घेणाऱ्यांना उपाशी ताटकळत ठेवणं (साखर उतरली तर?) मला तरी पटत नाही.

पण जेवणानंतरचं ट्रायग्लिसराइड ४०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर आलं, तर १०-१२ तास उपाशी राहून पुन्हा रक्त द्या. एवढ्या चरबीत, इतर आकड्यांवरून सूत्राने काढलेलं एलडीएल भरवशाचं नसतं. पाणी चालेल, चहा नाही.