पायी यात्रा की मौनातील बैठक?

अंतर्मुख होण्यासाठी दीर्घ पायी यात्रा करावी की एका जागी मौन धरून बसावे, हा केवळ सवडीचा प्रश्न नाही, कारण दोन्ही वाटांवर मनाच्या वाट्याला येणारे काम वेगळे असते. जपानमधील शिकोकू बेटावरील ८८ मंदिरांची परिक्रमा सुमारे १,२०० किलोमीटरची असून ती पायी पुरी करायला साधारण सहा आठवडे लागतात. सुरुवातीला यात्रेकरूचे सारे लक्ष टाचेवरच्या फोडाकडे आणि खांद्यात रुतणाऱ्या पट्ट्याकडेच असते; मात्र चाल अंगवळणी पडली, की पावले आपोआप पडू लागतात आणि पानाच्या टोकाशी अडकलेला थेंब गळेपर्यंत थांबण्याइतकी उसंत मनाला मिळते. निसर्ग इथे काही शिकवतो असे मला वाटत नाही; तो फक्त आपली घाई मोडून काढतो.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात एवढीही पळवाट नाही. रोज सुमारे दहा तास बैठक, वाचन-लेखन बंद, बोलणे बंद, आणि पहिले तीन दिवस लक्ष केवळ नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर. पुढे तासभर आसन न बदलण्याचा निश्चय करायचा असतो, तेव्हा ठणकणारा गुडघा हाच अभ्यासाचा विषय होतो.

स्वभावाची पारख यातून अधिक नेमकी होते, हे खरे. तरीही ज्याचे दुःख ताजे आहे, त्याने आधी चालावे, असे माझे मत आहे, कारण वाटेत रडू आले तरी पाय चालतच राहतात.